घरातून साहित्याचा पेपर देताना : कोकणातील नवख्या विद्यार्थ्यांसाठी

ऑनलाइन परीक्षा हा शब्द एकच असला, तरी त्याच्या पोटात निदान तीन निरनिराळ्या परीक्षा असतात आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने कोणती तयारी करायची हे यांपैकी कोणती परीक्षा त्याच्या वाट्याला आली आहे यावर ठरते. पहिली बहुपर्यायी. तीत पडद्यावर प्रश्न येतो, खाली चार पर्याय असतात आणि कोपऱ्यात घड्याळ उलटे धावत असते. दुसरीत प्रश्नाखाली कोरी चौकट दिलेली असते आणि दीर्घ उत्तर तिच्यात टाइप करावे लागते. तिसरीत प्रश्नपत्रिका पडद्यावर दिसते, उत्तरे मात्र कागदावर पेनानेच लिहायची असतात आणि शेवटी पानांचे फोटो काढून त्यांची एक पीडीएफ फाइल चढवायची असते. यांतली कोणतीही परीक्षा कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली असू शकते आणि लेखी परीक्षांपैकी काहींना पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असते.

म्हणून पहिले काम पुस्तक उघडण्याचे नव्हे, तर परीक्षेचे परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याचे. पेपर किती गुणांचा आणि किती मिनिटांचा आहे, फाइल चढवण्याचा वेळ त्यातच धरला आहे की वेगळा दिला आहे, एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परत येता येते का, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात का, पुस्तक जवळ चालते का, फाइलचा आकार किती असावा, तिचे नाव कसे द्यावे आणि मध्येच संपर्क तुटला तर कोणाला कळवावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढा. जे परिपत्रकात सापडणार नाही ते विभागप्रमुखांना ईमेल पाठवून लेखी विचारा. विद्यार्थ्यांच्या गटावर फिरणारा मेसेज हे परिपत्रक नव्हे. दर परीक्षेला कोणीतरी मागच्या सत्राची सूचना नव्याने पुढे पाठवतो आणि दहा-वीस जण तीत दिलेल्या वेळेवर विसंबून राहतात, हे मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

कोविडच्या काळात, २०२० साली, अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने परीक्षेविना पदवी देता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर आपल्याकडच्या हजारो मुलांनी ओटीवर, पडवीत किंवा शेजाऱ्याच्या गच्चीवर बसून पदवीचे पेपर दिले. तेव्हा ती अडचणीतली तात्पुरती सोय होती. आज ऑनलाइन अभ्यासक्रम आणि अंतर्गत चाचण्या यांमुळे ती अनेकांच्या नेहमीच्या शिक्षणाचा भाग झाली आहे.

अभ्यास : पुस्तक उघडे असले तरी

पुस्तक जवळ ठेवून परीक्षा द्यायची आहे असे कळले की विद्यार्थी निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. पुस्तक जवळ असले म्हणजे उत्तर जवळ आहे असे होत नाही, कारण असा पेपर काढणारा शिक्षक कथानक विचारतच नाही. 'कादंबरीचे कथानक थोडक्यात सांगा' या प्रश्नाच्या जागी 'निवेदकाच्या सहानुभूतीचा कल कोणत्या प्रसंगांतून कळतो' असा प्रश्न येतो आणि दोन तासांच्या पेपरात तीनशे पानांची कादंबरी चाळून ते प्रसंग शोधणे कोणालाही जमत नाही. तुम्हाला पेपरच्या वेळी शोधायचा असतो तो फक्त पुरावा. मत आधीच तयार असायला हवे आणि पुरावा कोणत्या पानावर आहे तेही साधारण ठाऊक असायला हवे.

यासाठी परीक्षेच्या तीन आठवडे आधी प्रत्येक नेमलेल्या पुस्तकाचे एकच पान तयार करायला घ्या. एकापेक्षा जास्त पाने होऊ देऊ नका, कारण पेपरच्या धावपळीत दुसरे पान उलटले जात नाही. कादंबरी असेल तर त्या पानावर निवेदन कोणाच्या तोंडून होते, काळ आणि स्थळ कोणते, मुख्य संघर्ष कुठे सुरू होतो आणि कुठे वळतो, भाषेचे दोन-तीन ठळक विशेष कोणते, आणि या प्रत्येक मुद्द्यासमोर तुमच्या प्रतीतले पान क्रमांक, एवढेच असावे. प्रत अभ्यासक्रमात नेमलेल्या आवृत्तीचीच असावी. थोरल्या बहिणीची जुनी प्रत वापरलीत तर पान क्रमांक जुळत नाहीत आणि तपासणाऱ्याला तुम्ही दिलेला संदर्भ सापडत नाही. पुस्तकात पेन्सिलीने खुणा करणे आणि कडेला रंगीत कागदाच्या पट्ट्या लावणे चालते का, हेही आधी विचारून घ्या. काही ठिकाणी केवळ कोरी प्रत चालते.

कवितेचे पान निराळे करावे लागते. केशवसुतांची 'सतारीचे बोल' ही कविता उदाहरणादाखल घेऊ. बहुतेक विद्यार्थी या कवितेच्या उत्तराची सुरुवात कवीच्या चरित्राने करतात : मालगुंडचा जन्म, मूळ नाव कृष्णाजी केशव दामले, १९०५ साली प्लेगने मृत्यू, आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक. हे सारे खरे आहे, आणि मालगुंड आपल्या अंगणातलेच असल्यामुळे ते लिहिण्याचा मोहही होतो. पण प्रश्न कवितेतील नादाविषयी असेल तर या पाच ओळींना जवळजवळ काहीच गुण मिळत नाहीत.

त्याऐवजी वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात कडव्याचा क्रमांक लिहा, दुसऱ्यात बोलणाऱ्याची मनःस्थिती आणि तिसऱ्यात सतारीच्या आवाजाचे त्या क्षणीचे स्थान. मग एकेक कडवे घेऊन रकाने भरा. निराशेने ग्रासलेला एक माणूस रात्रीच्या अंधारात बाहेर पडला आहे. सतारीचे बोल प्रथम कानी पडतात तेव्हा त्याला त्यांचा राग येतो, इतका की जिथून आवाज येतो त्या खिडकीवर तो हात उगारतो. पुढे तेच बोल त्याला थांबवतात, मग रडवतात आणि शेवटी शांत करतात. रकाने भरून झाल्यावर एक गोष्ट आपोआप डोळ्यांत भरते : धृपदातला नाद पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे, बदलत जातो तो ऐकणारा. एवढे दिसले की नादाचा प्रश्न, रचनेचा प्रश्न, भावस्थितीच्या विकासाचा प्रश्न आणि शीर्षकाच्या औचित्याचा प्रश्न, हे चारही प्रश्न तुम्ही त्याच एका पानावरून लिहू शकता. गाइडमधली चार स्वतंत्र उत्तरे पाठ करण्यापेक्षा हे काम कमी वेळात होते, असा माझा अनुभव आहे.

कोकणातल्या विद्यार्थ्याला एक सूचना मुद्दाम द्यावीशी वाटते. प्रादेशिक कादंबरीच्या प्रश्नात आपल्या मुलांना इतरांपेक्षा सोपे जायला हवे, आणि नेमके तिथेच त्यांचे गुण जातात. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' ही १९५२ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी दापोलीकडच्या परिसरात घडते. आगर, सडा, पाणंद, खोत हे शब्द आपल्याला तळटीप न वाचता कळतात. मग विद्यार्थी काय करतो, तर सुपारीच्या बागा कशा असतात, खोती कशी होती, पाऊस कसा पडतो याची दोन पाने भरतो आणि बापू व राधा उत्तरातून नाहीसे होतात. परिसर हा प्रश्नाचा विषय असला तरी विचारायचे असते ते असे की, हा परिसर कादंबरीत काय करतो. गावाची दाटीवाटीची, एकमेकांच्या घरात डोकावणारी वस्ती नसती तर बापूच्या बंडखोरीला धार आली असती का, अशा दिशेने विचार केला तर स्थानिक माहिती उपयोगी पडते, एरवी ती नुसते वर्णन होऊन बसते. आपल्या गावाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते आणि कादंबरीत जे लिहिले आहे ते या दोहोंमध्ये रेघ मारायला शिका. सरावाचे उत्तर लिहून झाल्यावर ज्या वाक्याला पुस्तकात आधार नाही त्याच्याखाली लाल रेघ ओढा. पहिल्या उत्तरात निम्मे पान लाल झाले तर घाबरू नका, तिसऱ्या-चौथ्या उत्तरापर्यंत ते कमी होते.

बहुपर्यायी परीक्षेसाठी मात्र निराळा अभ्यास लागतो, आणि तो कंटाळवाणा असतो हे मान्य करूनच करावा. तिथे साल, क्रम, टोपणनाव आणि वाङ्मयप्रकार यांवर प्रश्न येतात आणि पर्याय मुद्दाम जवळजवळचे दिलेले असतात. बा. सी. मर्ढेकरांचे 'काही कविता' १९४७ चे आणि 'आणखी काही कविता' १९५१ चे. कविता लिहिताना कुसुमाग्रज आणि नाटक लिहिताना वि. वा. शिरवाडकर, गडकऱ्यांची कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने, वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर कादंबरीवर आपल्या नावाने आणि कवितेवर आरती प्रभू म्हणून, 'बी' म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. ही गफलत होणारी जोडनावे एकत्र लिहून काढा. सालांची सुटी यादी पाठ करू नका, कारण ती तिसऱ्या दिवशी विस्कटते. 'यमुनापर्यटन' १८५७, म्हणजे उठावाचेच साल. 'काही कविता' १९४७, म्हणजे स्वातंत्र्याचेच साल. अशी प्रत्येक पुस्तकाची गाठ एखाद्या ठाऊक असलेल्या गोष्टीशी मारली की ते जागचे हलत नाही.

वेळ लावून लिहिण्याचा सराव

समजा पेपर ६० गुणांचा आणि २ तासांचा आहे आणि फाइल चढवण्याचा वेळ त्यातच धरला आहे. १२० मिनिटांतून फोटो काढणे, फाइल करणे आणि चढवणे यांसाठी २० मिनिटे बाजूला काढा, प्रश्नपत्रिका नीट वाचून प्रश्न निवडायला १० मिनिटे ठेवा. उरली ९० मिनिटे, म्हणजे एका गुणाला दीड मिनिट. १५ गुणांच्या दीर्घोत्तरी प्रश्नाला फार तर २२ मिनिटे मिळतात आणि एवढ्या वेळात हाताने दोन-अडीच पानांपेक्षा जास्त लिहून होत नाही. हा हिशोब एकदा समोर दिसला की चार पानांची पाठ केलेली उत्तरे निरुपयोगी आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

घरचे घड्याळ समोर ठेवून दोन आठवड्यांत निदान सहा उत्तरे अशी २२ मिनिटांत लिहा. पहिली तीन मिनिटे उत्तराचा आराखडा करा : प्रश्नात नेमके काय विचारले आहे, आपले म्हणणे एका वाक्यात काय, त्याला आधार देणाऱ्या तीन जागा कोणत्या. पहिल्याच परिच्छेदात आपले म्हणणे सांगून टाका. 'मराठी साहित्यात अनेक थोर लेखक होऊन गेले' या वाक्याने सुरू होणारी उत्तरे तपासताना माझा हात आपोआप पान उलटतो, आणि ही तक्रार माझ्या एकटीची नाही. टीपा लिहा या प्रश्नात मात्र प्रस्तावना नकोच. पहिले वाक्य व्याख्येचे किंवा संदर्भाचे असावे.

दुसऱ्याच्या मजकुराविषयीही इथेच सांगायला हवे. इंटरनेटवरचे उत्तर उतरवले तर ते ओळखणाऱ्या संगणक प्रणाली विद्यापीठांकडे असतात, पण त्यांची गरज बहुधा पडतच नाही. एकाच ठिकाणाहून घेतलेली उत्तरे एकाच वाक्याने सुरू होतात आणि ती लागोपाठ तपासायला येतात. उत्तर लिहून देणाऱ्या यंत्राकडून घेतलेला मजकूरही असाच कळतो : भाषा गुळगुळीत असते, पुस्तकातला एकही प्रसंग नेमका नसतो आणि कधी कधी कादंबरीत नसलेले पात्रच उत्तरात फिरत असते. ज्या परीक्षेत या गोष्टींना बंदी आहे तिथे तो गैरप्रकार ठरून पेपर रद्द होऊ शकतो.

टाइप करायचे असेल तर

मराठीतून टाइप करण्याची सवय नसेल तर तीन आठवडे आधी रोज वीस मिनिटे सराव सुरू करा. मोबाइलवर बोलून टाइप करण्याची सोय हाताशी असते, परंतु ती विरामचिन्हे गाळते, साहित्यातल्या संज्ञांचे भलतेच शब्द करते आणि देखरेखीच्या परीक्षेत तुमचे ओठ हलताना दिसले तर शंकेला जागा होते. कोणताही कीबोर्ड घ्या, पण युनिकोडच घ्या, म्हणजे कोणत्याही यंत्रावर तीच अक्षरे दिसतात. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलेली टिपणे परीक्षेच्या चौकटीत चिकटवली की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा उमटतो. तो तुम्हाला पडद्यावर दिसतो तरी. एखाद्या वेळी तुमच्याकडे तो फॉन्ट असल्यामुळे तुम्हाला सारे ठीक दिसते आणि खिचडा फक्त तपासणाऱ्याला दिसतो.

एका अक्षरापाशी मात्र थांबायला हवे. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द घ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. किनाऱ्यावरच्या कथाकवितांविषयी लिहिताना दोन्ही लागतात, आणि घाईत सगळेच विद्यार्थी दोहोंसाठी 'दर्या' टाइप करतात. 'किनाऱ्यावर', 'वाऱ्याने', 'तऱ्हा' यांचेही तसेच. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत ज्या कळेवर 'र' आहे तीच कळ शिफ्ट धरून दाबली की नुक्त्याचा 'ऱ' मिळतो. त्याचा पाय मोडून पुढे 'य' दिला की 'ऱ्य' तयार होतो. 'ळ'ही तसाच 'ल'च्या कळेवर शिफ्टने येतो. मोबाइलवर 'र' थोडा वेळ दाबून धरल्यावर 'ऱ' दिसतो का ते आपल्या कीबोर्डवर आधीच पाहून ठेवा. ही अक्षरे रोज दहा वेळा टाइप केली तर परीक्षेत बोटे अडत नाहीत.

दीर्घ उत्तर थेट परीक्षेच्या चौकटीत टाइप करताना दर पाच मिनिटांनी 'सेव्ह' दाबा. वेगळ्या फाइलमध्ये लिहून नंतर चिकटवण्याची पद्धत सुरक्षित वाटते, पण काही प्रणालींमध्ये चिकटवणे बंद केलेले असते आणि दुसरी खिडकी उघडताच इशारा येतो. सराव परीक्षा दिली असेल तर हे आधीच कळते. म्हणून सराव परीक्षा कधीही चुकवू नका, तिला गुण नसले तरी.

हाताने लिहून चढवायचे असेल तर

इथली चूक माझ्या स्वतःच्या खात्यावर जमा आहे. नोकरी करता करता मी एका संस्थेचा छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम केला होता. पेपर चांगला गेला. संध्याकाळची वेळ, खोलीत पिवळा दिवा. घाईघाईने फोटो काढले, फाइल केली आणि चढवून टाकली. रात्री सहज उघडून पाहिली तर तिसरे पान दोनदा होते आणि चौथे नव्हतेच. ज्या पानावर कवितेचे सगळे विवेचन होते ते पान माझ्या टेबलावर पडून होते. पानांना क्रमांक घातलेले नव्हते, त्यामुळे फाइल तपासताना ते लक्षातही आले नाही.

त्या दिवसापासून मी विद्यार्थ्यांना सांगते की, लिहायला सुरुवात करण्यापूर्वी दहा कोऱ्या पानांवर आसन क्रमांक, विषयाचा संकेतांक आणि पान क्रमांक घालून ठेवा. पान क्रमांक '३/१०' असा न घालता नुसता '३' घाला आणि शेवटच्या पानावर 'एकूण पाने ८' असे लिहा. पानाच्या एकाच बाजूला लिहा. काळी किंवा गडद निळी शाई वापरा आणि चारही बाजूंना दोन बोटे समास सोडा, कारण स्कॅन करणारे ॲप कडा कापते. फोटो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात काढा. दिवा डोक्यावर असला की मोबाइलची आणि हाताची सावली बरोबर मधल्या ओळींवर पडते. पेपर संध्याकाळचा असेल तर दोन्ही बाजूंना एकेक दिवा ठेवून आदल्या दिवशी फोटो काढून पाहा. पावसाळी हवेत कागद दमट होऊन वाकतो, तो सपाट राहावा म्हणून खाली पाट किंवा लाकडी फळी ठेवा.

साधा फोटो न काढता स्कॅन करणारे ॲप वापरा आणि ते कृष्णधवल पर्यायावर ठेवा. रंगीत फोटोंची दहा पानांची फाइल आकाराची मर्यादा सहज ओलांडते. तीच फाइल कृष्णधवल केली की पुष्कळ लहान होते आणि मंद रेंजमध्येही जाते. हे सगळे आधी दोनदा करून पाहा आणि घड्याळ लावून किती मिनिटे लागतात ते मोजा. माझ्या वर्गात पहिल्या वेळी कोणालाही पंधरा मिनिटांच्या आत जमले नव्हते.

लाईट आणि रेंज

कोकणात या दोन गोष्टी तयारीचा परिशिष्टातला भाग नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक वाड्यांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकले आणि सिंधुदुर्गापासून पुन्हा तीच कथा झाली. वादळाचे सोडा, एप्रिल-मे महिन्यांतला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस हे दोन्ही परीक्षांच्याच हंगामात येतात आणि दोन्ही दुपारनंतर कडकडाट घेऊन येतात. दोन सत्रांतून वेळ निवडण्याची मुभा असेल तर सकाळचीच घ्या.

लाईट गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो, पण घरचा राऊटर बंद पडतो, हे अनेकांना पेपरच्या वेळीच कळते. इन्व्हर्टर असेल तर राऊटरचा प्लग त्याच्या जोडणीवर आहे का ते पाहा. नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा आणि लॅपटॉप एकदा त्याला जोडून पासवर्ड साठवून ठेवा. घरात दोन निरनिराळ्या कंपन्यांची सिम कार्डे असावीत. एक टॉवर बंद पडला तरी दुसरा चालू असण्याची शक्यता राहते, अर्थात मोठ्या लाईट-खोळंब्यात दोन्ही टॉवर काही तासांनी बसतात. परीक्षेच्या वेळी विजा चमकू लागल्या तर चार्जर भिंतीतून काढून बॅटरीवरच काम करा.

रेंजची पाहणी परीक्षेच्या नेमक्या वेळी करा. सकाळी सातला ओटीवर उत्तम चालणारे नेट दुपारी दोनला, सगळी वाडी मोबाइलवर असताना, रखडते. ज्यांचे घर खाडीकाठी किंवा घळीत आहे त्यांना सडा चढून वर गेल्याशिवाय रेंज मिळत नाही, हे खरे आहे. पण सड्यावर सावली नसते, वारा कागद उडवतो आणि उन्हात पडदा दिसत नाही. बहुपर्यायी पेपर तिथे बसून एक वेळ देता येईल, लेखी पेपर देता येणार नाही. अशांनी शहरातल्या नातेवाइकांकडे आदल्या रात्री मुक्कामाला जावे, किंवा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात बसू द्यावे असा अर्ज निदान दहा दिवस आधी प्राचार्यांना द्यावा. अर्जात गावाचे नाव, रेंजची स्थिती आणि परीक्षेच्या तारखा लिहाव्यात. अर्ज वेळेत आला तर बहुतेक ठिकाणी काहीतरी सोय केली जाते. परीक्षेच्या सकाळी फोन केला तर कोणाच्याच हातात काही नसते.

घरातली माणसे

देखरेखीच्या परीक्षेत कॅमेऱ्यात दुसरी व्यक्ती दिसली किंवा आवाज आला तर प्रणाली त्याची नोंद करते. आपल्या घरांची रचना अशी की ओटीवरून स्वयंपाकघरात जायला माजघरातूनच वाट, आणि दारात कोणीही 'आहेस काय गो?' म्हणत थेट आत येणार. मे महिन्यात तर मुंबईचे चाकरमानी आलेले असतात. त्यामुळे आदल्या दिवशी आजीपासून धाकट्या भावापर्यंत सर्वांना परीक्षेची वेळ सांगून ठेवा, दाराला बाहेरून कागद लावा, शेजारी मिक्सर किंवा बोअरचा पंप चालू होणार असेल तर त्यांनाही विनंती करा. पाठीमागे भिंत येईल असे बसा. खिडकी पाठीशी असली की तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओळख पटत नाही.

आदला दिवस आणि पेपर

आदल्या दिवशी नवे काही वाचू नका. प्रत्येक पुस्तकाचे ते एक पान वाचा, लॅपटॉप आणि मोबाइलचे अपडेट उरकून घ्या, लॉगिन करून पाहा, आसन क्रमांक आणि पासवर्ड कागदावर लिहून टेबलाला चिकटवा. हॉल तिकीट आणि ओळखपत्र जवळ ठेवा. पॉवर बँक रात्रीच पूर्ण भरून ठेवा.

पेपरच्या दिवशी अर्धा तास आधी बसा. प्रश्नपत्रिका उघडली की आधी सगळी वाचा आणि परवानगी असेल तर प्रश्न कागदावर उतरवून घ्या. एवढे केले म्हणजे मध्येच लाईट गेली तरी तुमचे लिहिणे थांबत नाही. प्रथम तो प्रश्न घ्या ज्याचे पुरावे तुम्हाला पान क्रमांकासह आठवत आहेत. मूळ पुस्तकातले वाक्य उद्धृत करताना ते दोन ओळींपेक्षा लांब नसावे आणि त्याच्या लगेच पुढे त्यातला कोणता शब्द तुमच्या मुद्द्याला आधार देतो हे लिहावे. निम्मे पान अवतरणाने भरलेले उत्तर तपासणाऱ्याला पुस्तक वाचून दाखवते, विद्यार्थ्याचे म्हणणे सांगत नाही. ठरवलेली मिनिटे संपली की वाक्य पूर्ण करून पुढच्या प्रश्नावर जा. अपुरे उत्तर नंतर वेळ उरला तर पुरे करता येते, पण न लिहिलेल्या प्रश्नाला शून्यच मिळते.

मध्येच संपर्क तुटला तर पडद्यावरचा संदेश आणि वेळ दिसेल असा दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा, हॉटस्पॉट जोडून पुन्हा लॉगिन करा, आणि पाच मिनिटांत जमले नाही तर परिपत्रकात दिलेल्या क्रमांकावर फोन करा. फोन लागो न लागो, त्याच वेळी ईमेलही पाठवा. ईमेलमध्ये आसन क्रमांक, विषय, संपर्क तुटल्याची वेळ आणि फोटो एवढेच असू द्या. पुनर्परीक्षेचा निर्णय घेणाऱ्यांना तुमच्या मनःस्तापापेक्षा ती वेळ आणि तो फोटो जास्त उपयोगी पडतो. हातातले पेन मात्र थांबवू नका, कारण नेट परत आल्यावर फाइल चढवण्यापुरतीच मिनिटे शिल्लक असू शकतात.

फाइल चढवण्यापूर्वी ती उघडून शेवटच्या पानापर्यंत सरकवा आणि पान क्रमांक मोजा. 'सबमिट' दाबल्यावर येणाऱ्या पोचपावतीचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो स्वतःलाच ईमेल करून ठेवा. लिहिलेली मूळ पाने टाचून एका पिशवीत घाला आणि निकाल हाती येऊन पुनर्मूल्यांकनाची मुदत संपेपर्यंत ती कोरड्या जागी, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. खालच्या फळीवर ठेवलेल्या कागदांना आपल्याकडे जूनपासून वाळवी लागते.